बावन्न दरवाजे आणि एक निकाल : विद्यापीठीय संकेतस्थळाची मीमांसा

अनुबंध

कोणतेही शास्त्र आरंभण्यापूर्वी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. म्हणून आधी ते उरकून घेऊ.

विषय : विद्यापीठाचे संकेतस्थळ. विद्यार्थी त्याला ‘साईट’ म्हणतात, परिपत्रके ‘अधिकृत संकेतस्थळ’ म्हणतात. प्रयोजन : निकाल सापडणे. मोक्ष, कीर्ती आणि पदोन्नती ही दुय्यम प्रयोजने आहेत. संबंध : साईट आणि निकाल यांच्यात आधार-आधेय संबंध आहे असे मानले जाते, म्हणजे निकाल साईटवर असतो. तो साईटवर कोठे असतो, एवढाच प्रश्न उरतो आणि त्यासाठीच हा ग्रंथ. अधिकारी : ज्याने आयुष्यात एकदा तरी परीक्षा अर्ज विलंब शुल्कासह भरला आहे तो. ज्याने अतिविलंब शुल्कही भरले आहे तो उत्तम अधिकारी. ज्याचे सर्व अर्ज आजवर दुसऱ्यानेच भरून दिले, त्याने हा ग्रंथ वाचू नये. त्याला सगळे छान चालले आहे असेच वाटत राहील.

आणखी एक खुलासा. आमचा विषय जाती आहे, व्यक्ती नव्हे. ‘विद्यापीठीय संकेतस्थळ’ नावाच्या सामान्याची ही चिकित्सा आहे, कोणा एका विद्यापीठाची नाही. तेव्हा कोणी हे अंगाला लावून घेऊ नये. तसे कोणी घेणारही नाही, कारण वाचताना प्रत्येकाला हे शेजारच्या विद्यापीठाबद्दल आहे असे वाटेल.

देशकाल-विचार

हे शास्त्र छत्रपती संभाजीनगरात बसून का लिहावे? तर या शहराला दरवाज्यांची विद्या मुळातूनच अवगत आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, पुढे औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, भोवती तट उभा राहिला आणि लोक आजही याला बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणतात. बावन्न कोणी मोजले ते विचारू नये. मुख्यपृष्ठावरचे दुवे तरी कोण मोजतो? शिवाय याच शहरात 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. म्हणजे घनसावंगीच्या मुलीला आणि परंड्याच्या मुलाला विद्यापीठाचे पहिले दर्शन घडते ते मोबाइलच्या पडद्यावर. डोंगराच्या पायथ्याची ती वास्तू बघायचा योग पुष्कळदा पदवी हातात पडेपर्यंत येत नाही.

कालाच्या बाबतीत 1994 या सालाकडे संशोधकांचे दुर्लक्ष झाले आहे. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. 17 सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. त्याच साली विद्यापीठांना श्रेणी देणारी नॅक ही संस्था स्थापन झाली. त्याच साली डेन्मार्कच्या याकोब नील्सन यांनी वापरसुलभतेची आपली प्रसिद्ध दहा सूत्रे मांडली. आणि त्याच साली अवतरलेल्या नेटस्केप नावाच्या ब्राउझरने पडद्यावरची अक्षरे लुकलुकवण्याची सोय केली. नाव, परीक्षक, शास्त्र आणि उपद्रव हे चौघे एकाच वर्षाचे. पुढच्या तीस वर्षांत परीक्षकाचा मान वाढला, उपद्रव घरोघरी पोचला, शास्त्र तेवढे मागच्या बाकावर राहिले.

सूत्र पहिले : दरवाजा तो, ज्याच्या नावातच वाट असते

भाष्य. दिल्ली दरवाजातून दिल्लीची वाट धरायची, पैठण दरवाजातून पैठणची. मकाई दरवाजा मक्केच्या दिशेचा. बाहेरगावच्या उंटवाल्याला लिहिता-वाचता येत नसले तरी चुकायची सोय नव्हती. या दरवाज्यांवरही पहारेकरी असणार, त्यांच्यावर जमादार असणार आणि जमादारावर आणखी कोणी साहेब असणार. पण म्हणून दरवाजाला ‘उत्तर विभाग, पहारा व जकात कक्ष’ असे नाव देण्याचे कोणाला सुचले नाही.

विद्यापीठीय संकेतस्थळाला नेमके हेच सुचते. मुलाला निकाल हवा असतो. समोर पाट्या असतात : प्रशासन, प्राधिकरणे, विभाग, कक्ष, मंडळे, इतर. निकाल असतो परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या पोटात, शिष्यवृत्ती विद्यार्थी विकासच्या ओसरीवर, आणि स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज पात्रता विभागाच्या माळ्यावर. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद अशी प्राधिकरणे सांगितली आहेत. ती रचना आपल्या जागी योग्यच आहे. बीडच्या मुलाला अधिसभा आणि विद्या परिषद यांतला फरक कळावा, हीसुद्धा चांगली गोष्ट. फक्त गुणपत्रक काढण्याची ती पूर्वअट असू नये.

विद्यार्थी येतो तो कामे घेऊन : फॉर्म भरायचाय, रिझल्ट बघायचाय, नावातली चूक दुरुस्त करायचीय, टीसी गेलीय आता काय करायचं. संकेतस्थळ त्याच्यापुढे कार्यालयाची आसनव्यवस्था मांडते. कोणत्या खोलीत कोण बसते हे ज्याला आधीच ठाऊक, त्यालाच तिथे काही सापडते. आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याला साईटची गरज नसते, तो थेट खोलीतच जातो.

‘इतर’ या पाटीबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. येथे एवढेच नोंदवतो, की अनुभवी विद्यार्थी आधी ‘इतर’ उघडतो. ज्याची सगळ्यांना गरज असते ते कोणत्याच एका कक्षाचे नसते, त्यामुळे ते तिथेच येऊन पडते.

सूत्र दुसरे : नवीन ते लुकलुकते, जुनेही लुकलुकते

भाष्य. सूचनेपुढे लाल-पिवळ्या अक्षरांत लुकलुकणारे ‘न्यू’ हे विद्यापीठीय संकेतस्थळाचे व्यवच्छेदक लक्षण होय. त्याचे पूर्वज दोन. एक ते नेटस्केपचे लुकलुकणे, ज्याच्या जनकांत लू मॉन्टुली यांचे नाव घेतले जाते. दुसरे मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने आणलेली सरकती पट्टी. लुकलुकण्याचा आधार फायरफॉक्सने 2013 मध्ये काढून टाकला, आणि सरकती पट्टी एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने कालबाह्य ठरवली. पण आपल्याकडे एकदा रूढ झालेली गोष्ट प्रमाणग्रंथातून काढली म्हणून व्यवहारातून जात नाही. लुकलुकणारे अक्षर गेले, तर लुकलुकणारे चित्र आले.

सरकत्या पट्टीवरची सूचना वाचण्याची एक पद्धत आहे. पहिल्या फेरीत विषय वाचावा, दुसऱ्या फेरीत तारीख गाठावी, आणि तिसऱ्या फेरीत दुव्यावर बोट ठेवायचा प्रयत्न करावा. बोट टेकेपर्यंत खालची सूचना वर आलेली असते आणि बी.ए. तृतीय वर्षाच्या मुलापुढे बी. फार्मसीचे वेळापत्रक उघडते. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलत राहणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचणाऱ्याला असलीच पाहिजे, असे 2008 च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत म्हटले आहे. निकष करणाऱ्यांनी आपली सरकती पट्टी पाहिली होती की नाही कोण जाणे, पण रोग अचूक ओळखला होता.

आता खरा प्रश्न : दोन वर्षांपूर्वीची सूचना अजून ‘नवीन’ कशी? याचे उत्तर तंत्रात नाही, व्यवस्थापनात आहे. संकेतस्थळावर ब्रह्मदेव आहे, विष्णू आहे, महेश नाही. सूचना चढवायला एक टिप्पणी आणि एक सही पुरते. ती उतरवायला कोणाची सही लागते, हे कोणत्याच परिपत्रकात नसते. ज्या कक्षाने ती दिली, त्याचे काम चढवल्याबरोबर संपले. ज्या ऑपरेटरने ती चढवली, तो स्वतःहून उतरवणार नाही. उद्या कोणी विचारले तर जबाब कोण देणार? ज्या कंपनीकडे देखभालीचा ठेका, तिच्या कार्यादेशात ‘चढवणे’ लिहिलेले असते. संकेतस्थळ समितीत सगळे असतात, म्हणून ते कोणाचेच नसते. बाराभाईंच्या कारभारात जुनी सूचना नवीच्या डोक्यावर बसून राहते.

उपाय साधा आहे. सूचना चढवतानाच ती उतरवण्याची तारीख लिहिल्याशिवाय यंत्राने ती स्वीकारू नये, आणि तिच्याखाली जबाबदार कक्षाचे नाव यावे. जुन्या सूचनांसाठी संग्रह ठेवावा. शुद्धिपत्रक निघाले तर ते मूळ सूचनेलाच चिकटवावे. मुदतवाढीची सूचना एका कोपऱ्यात आणि मूळ मुदतीची दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्ही लुकलुकत्या, ही अवस्था द्वैतवाद्यांनाही झेपणारी नाही.

सूत्र तिसरे : कागद जितका तिरका, तितका अधिकृत

भाष्य. परिपत्रकाचा जन्म पाहू. मजकूर आधी संगणकावर टंकित होतो. त्या क्षणी तो शोधता येतो, मोठा करता येतो आणि अंध विद्यार्थ्याला यंत्राकडून वाचून घेता येतो. मग त्याची प्रिंट निघते. वर जावक क्रमांक पडतो, खाली सही होते, सहीवर गोल शिक्का बसतो. शिक्का बहुधा शेवटच्या तारखेवर बसतो, कारण तारीख खालच्या ओळीत असते. मग तो कागद स्कॅनरवर घाईने ठेवला जातो, पाचेक अंश कलतो, आणि ‘स्कॅन-शून्य-शून्य-सात-फायनल-नवीन’ अशा नावाने संकेतस्थळावर चढतो. संगणकातला मजकूर कागदावरून फिरून पुन्हा संगणकात आला, पण येताना त्याचे चित्र झाले. आता तो शोधखिडकीला दिसत नाही, वाचकयंत्राला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर दोन बोटांनी ताणताना कधी डावा समास हातात येतो, कधी उजवा.

मजकूर चित्र न करता दिला तरी जुन्या फाँटचे दुखणे उरते. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा आहे. पण कृतिदेव किंवा शिवाजी अशा फाँटमध्ये बसलेला मजकूर दिसतो मराठी, आत असतो रोमन अक्षरांचा चिवडा. त्यात ‘पुनर्मूल्यांकन’ शोधायला गेलेला विद्यार्थी काखेत कळसा असून गावभर वळसा घालतो.

शंका : सही-शिक्क्याशिवाय परिपत्रकाला वजन कसे येणार? समाधान : वजनासाठी सहीचा कागद जोडावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण आधी साध्या युनिकोड मजकुरात चार ओळी द्याव्यात : काय, कोणासाठी, कधीपर्यंत, किती शुल्क. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये निघाली, तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सुगम्यतेची जबाबदारी सांगितली आहे. तेव्हा तिरका कागद आता केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न राहिलेला नाही.

सूत्र चौथे : वरचा पडदा पाहुण्यांचा, खालचा अडगळीचा

भाष्य. प्रसिद्धी म्हणजे फोटो, ही विद्यापीठीय जाहिरातशास्त्राची पायाभूत समजूत आहे. मुख्यपृष्ठाच्या माथ्यावर मोठा सरकता चित्रपट असतो : दीपप्रज्वलन, सत्कार, सामंजस्य करारावर सह्या, पुन्हा दीपप्रज्वलन. त्यातली शालीची कड नीट निरखली तर कार्यक्रम कोणता ते ओळखता येते, एरवी नाही.

2010 मध्ये अमेरिकन चित्रकार रँडल मन्रो यांनी दोन वर्तुळांचे एक व्यंगचित्र काढले. एका वर्तुळात विद्यापीठाच्या मुख्यपृष्ठावर काय असते, दुसऱ्यात लोक तिथे काय शोधायला येतात. दोन्हींत सामाईक गोष्ट एकच निघाली : संस्थेचे पूर्ण नाव. साऱ्या जगाने त्यावर हसून घेतले. मराठवाड्यातल्या वाचकाने मात्र या ठिकाणी थोडे थांबावे. येथे पूर्ण नाव फुकटात मिळालेले नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, आणि नामविस्तार व्हायला 1994 उजाडले. त्या सोळा वर्षांत माणसे मारली गेली, वस्त्या जळाल्या, लाँग मार्च निघाले. आजही दर 14 जानेवारीला हजारो माणसे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे येऊन नतमस्तक होतात. त्या द्वारावर लुकलुकणारे काही नाही आणि सरकणारेही काही नाही. तेव्हा मुख्यपृष्ठावर पूर्ण नाव ठसठशीत असावे, हे येथे वादापलीकडचे. वाद आहे तो नावाखालच्या जागेचा. ज्या मुलांसाठी ती लढाई झाली, त्यांतलेच पुष्कळ जण आज फॉर्मची शेवटची तारीख शोधत असतात.

या शहरात विजयाचा दरवाजाही आहे. मोगलांवरच्या जयाची आठवण म्हणून मलिक अंबरने 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला. नॅकची श्रेणी, मानांकन आणि पारितोषिके यांची पट्टी हा संकेतस्थळाचा भडकल दरवाजा होय. तो असावा, दिमाखात असावा. पण शहराने सगळेच दरवाजे विजयाचे केले नाहीत.

शंका : आता शहरात 2019 पासून एमजीएमसारखे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठही आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, पुणे तर हाकेच्या अंतरावर. मग जाहिरात करायची नाही का? समाधान : अवश्य करावी. पण बारावी झालेल्या मुलीचे वडील अभ्यासक्रम, शुल्क, वसतिगृह आणि एसटीचा पास या चार गोष्टी पाहतात. त्या सापडल्या की ते चार जणांना सांगतात. सापडल्या नाहीत, तरीही चार जणांना सांगतातच.

सूत्र पाचवे : जिल्हा असतो तिथेच, यादीत हलतो

भाष्य. हे उपसूत्र आहे, पण अभ्यासकाला रमवणारे आहे. ऑनलाइन अर्जातली जिल्ह्यांची यादी बहुधा इंग्रजी वर्णक्रमाने असते. त्या यादीत औरंगाबाद चौथे होते. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाल्यावर ते चंद्रपूरनंतर आठव्या जागी गेले. उस्मानाबाद खाली ‘ओ’मध्ये होते, ते धाराशिव होऊन नवव्या जागी आले. मधे बीड असल्यामुळे नकाशावर ज्यांच्या सीमा भिडत नाहीत, ते दोन जिल्हे यादीत शेजारी झाले. अर्थात हे अद्ययावत यादीचे झाले. एका अर्जात जुने नाव, दुसऱ्यात नवे, तिसऱ्यात दोन्ही, असे असेल तर विद्यार्थ्याने नाव शोधावे की आपल्या जन्माचा दाखला? यादीने दोन्ही नावे ओळखावीत आणि एकाच जागी पोचवावे. शोधखिडकीचेही तेच. लोक ‘बामू’ म्हणतात, विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ताही बामू डॉट एसी डॉट इन असाच आहे. जो जे म्हणेल ते समजून घेणे हे यंत्राचे काम आहे.

सूत्र सहावे : साईट संपते तिथे दादा सुरू होतो

भाष्य. प्रत्येक दुर्बोध ग्रंथाला भाष्यकार लागतो. विद्यापीठीय संकेतस्थळाचा भाष्यकार तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या पाटीखाली बसतो. त्याच्याकडे सायंकाळी एक मुलगी येते.

“दादा, रिझल्ट लागलाय म्हणतेत. माझा काही दिसंना.”

“कोणतं वर्ष, ताई?”

“सेकंड इयर. बी.कॉम.”

“जुना पॅटर्न का नवा?”

हा प्रश्न संकेतस्थळ विचारत नाही. दादा विचारतो, कारण जुन्या पॅटर्नचा निकाल एका दुव्याखाली आणि नव्याचा दुसऱ्याच पत्त्यावर आहे, हे त्याने तोंडपाठ केलेले असते. समोरच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला तक्ता असतो : परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, फोटोकॉपी, रिचेकिंग, डुप्लिकेट मार्कशीट. प्रत्येकापुढे लागणारी कागदपत्रे आणि दर. हा तक्ता म्हणजेच विद्यापीठाचे आदर्श मुख्यपृष्ठ होय. तो कोणत्याही समितीने केलेला नाही, त्याला निविदा लागली नाही, आणि त्यातल्या पाट्या रोज तेच तेच विचारणाऱ्या गिऱ्हाइकांनी ठरवल्या आहेत. संकेतस्थळाची फेररचना करू पाहणाऱ्यांनी परदेशी नमुने पाहण्याआधी एका तालुक्याला जाऊन असा एक तक्ता उतरवून आणावा. प्रवासभत्ता फार होणार नाही.

पूर्वपक्ष आणि सिद्धान्त

कार्यालयीन पूर्वपक्षाचे म्हणणे : सर्व माहिती साईटवर टाकलेली आहे, विद्यार्थी वाचत नाहीत. त्यावर सिद्धान्ती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम पुढे ठेवतो. माहिती लोकांना सहज मिळेल अशा रूपात आणि रीतीने पसरवावी, स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असे ते कलम सांगते. टाकणाऱ्याच्या नोंदवहीत काम पूर्ण झाले म्हणून कायद्याचे काम पूर्ण होत नाही.

दुसरा पूर्वपक्ष : हे सगळे तपासायला मोठा सर्व्हे लागेल, सल्लागार नेमावा लागेल. येथे नील्सन पुन्हा कामी येतात. पाच माणसांना वापरायला देऊन शांतपणे पाहत बसले, तर बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असे त्यांनी 2000 मध्ये हिशेब करून सांगितले. हे आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर या नावाने फार आधीपासून ठाऊक होते. आपण त्याचा उपयोग फक्त भावकीच्या भांडणात केला. तेव्हा सोमवारी सकाळी पाच विद्यार्थी बोलवावेत, त्यांच्याच मोबाइलवर ‘पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख शोध’ एवढे सांगावे, आणि संकेतस्थळ समितीच्या सदस्यांनी मागे उभे राहावे. एकच नियम : सदस्यांनी बोलायचे नाही. शास्त्रातला सर्वांत अवघड भाग हाच आहे.

फलश्रुती

जे विद्यापीठ हे शास्त्र आचरणात आणील, त्याच्या कारकुनाच्या खिडकीपुढची रांग आखूड होईल, फोनची रिंग कमी वाजेल, आणि माहिती अधिकाराचे निम्मे अर्ज आपोआप गळतील. नॅकच्या पाहुण्यांना कागद लगेच सापडतील, कारण जे विद्यार्थ्याला सापडते ते परीक्षकाला सापडतेच. उलट मात्र खरे नाही. विद्यार्थ्याचे अतिविलंब शुल्क वाचेल, आणि वाचलेल्या पैशात तो जाता-येता गुलमंडीवर काहीतरी खाईल, तेवढाच शहराच्या अर्थकारणाला हातभार.

आणि दादा? त्याचा धंदा बुडेल अशी भीती बाळगू नये. जोवर अर्ज आहे तोवर अर्जाला पासपोर्ट फोटो आहे, आणि तो फोटो वीस केबीपेक्षा मोठा पण पन्नास केबीपेक्षा लहान, सही मात्र दहा ते वीस केबीच्याच आत, अशी जी अट असते, तिचे शास्त्र अजून कोणी लिहिलेले नाही. ते दादाला येते.